चित्रशाळेतील तास अर्धाच का मोजायचा?

राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेण्यात येणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना लाखो शाळकरी मुले बसतात. इंटरमिजिएटमध्ये ‘अ’ श्रेणी मिळाल्यास दहावीच्या गुणांत ७, ‘ब’ श्रेणीस ५ आणि ‘क’ श्रेणीस ३ गुणांची भर पडते, हे आता प्रत्येक पालकास तोंडपाठ आहे. त्यामुळे परीक्षेच्या सुमारास नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत गल्लोगल्ली चित्रकलेचे वर्ग भरू लागतात. एरवी रंगांची पेटी मागितली असता ‘आधी गणित कर’ असे उत्तर ज्या घरात मिळते, त्या घरातही पोस्टर कलरच्या बाटल्या येतात. पुढे निकाल लागतो, सात गुण जमेस धरले जातात आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते. एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला चित्रकला महाविद्यालयात जायचे आहे’ असे म्हटलेच, तर घरात जी शांतता पसरते तिची कल्पना शिक्षक आणि कारकून वर्गातील वाचकांना निराळी करून द्यावयास नको.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे असे पालक अधूनमधून सल्ला विचारावयास येतात. ‘सर, यात पुढे काय?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. अनेक वर्षे माझे उत्तर ठरलेले होते : आधी बी.कॉम. होऊ द्या, चित्रकला छंद म्हणून राहू द्या. हे उत्तर मी शास्त्राच्या आधारे देत आहे असे मला वाटे. वस्तुतः ते शास्त्राचे नव्हते, केवळ सावधपणाचे होते. आणि ज्या हिशेबावर ते उभे होते त्या हिशेबातच एक मोठी चूक होती, असे आता माझे मत झाले आहे.

कला महाविद्यालयात नेमके काय शिकवले जाते, याची आपल्या सुशिक्षित वर्गाला फारशी माहिती नसते. पहिल्या वर्षीच्या पायाभूत अभ्यासक्रमात वस्तुचित्र, निसर्ग अभ्यास, स्मरणचित्र, द्विमित आणि त्रिमित संकल्प, रंगसिद्धान्त, अक्षरांकन असे विषय असतात. सर्व शाखांना एकच पाया घालण्याची ही कल्पना १९१९ साली जर्मनीत वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेकडून जगभर पसरली. त्यानंतर कोणी रंगकलेकडे, कोणी शिल्पाकडे, कोणी उपयोजित कलेकडे वळतो. परंतु विषयांच्या यादीवरून या शिक्षणाचे स्वरूप कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसावे लागते.

एका परिचितांच्या ओळखीने मी तसा एकदा बसलो. मध्यभागी टेबलावर पितळेचा तांब्या, अर्धा चिरलेला भोपळा आणि चुण्या पाडून सोडलेले एक कापड. भोवती ‘डाँकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडी बैठकांवर वीस-बावीस मुले-मुली. शिक्षक बराच वेळ काहीच बोलत नव्हते. मग ते एका मुलीच्या मागे जाऊन उभे राहिले, तिला उठवून स्वतः तिच्या जागी बसले, एक डोळा मिटून पेन्सिल आडवी धरली आणि म्हणाले, ‘तुझा तांब्या टेबलावर बसलेला नाही, तो तरंगतो आहे.’ मुलीने पाहिले, पुन्हा पाहिले आणि दोन तासांचे काम खोडून टाकले.

कारखान्याच्या भाषेत बोलावयाचे तर या दोन तासांचे उत्पादन शून्य होते. कागद पुन्हा कोरा झाला होता. पण मुलगी जी गोष्ट शिकली, ती तिला व्याख्यानाने शिकवता आली नसती, पुस्तकाने तर नाहीच. आपण पाहतो आहोत असे आपल्याला वाटते ते आणि प्रत्यक्ष समोर आहे ते, यांतील अंतर तिने स्वतःच्या हाताने मोजले होते. (माझ्या वर्गात शंभराच्या वर विद्यार्थी बसतात. मागणीचा वक्र त्यांच्यापैकी किती जणांच्या डोक्यात तरंगतो आहे, हे मला परीक्षेपर्यंत कळत नाही; कधीकधी परीक्षेनंतरही कळत नाही.)

अशा तासाला आपली व्यवस्था कोणती किंमत देते? विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी जो श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार पंधरा आठवड्यांच्या सत्रात व्याख्यानाचे १५ तास झाले की एक श्रेयांक होतो. स्टुडिओतील कामाचा एक श्रेयांक होण्यास मात्र ३० तास लागतात. म्हणजे चित्रशाळेतील दोन तास बरोबर व्याख्यानाचा एक तास. शाळेच्या पातळीवरचा कायदा याहून पुढे गेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे म्हटले आहे. भाषेचा शिक्षक, गणिताचा शिक्षक. पण कलेचा ‘निदेशक’, तोही अंशकालीन. एकाने तास अर्धा केला, दुसऱ्याने माणूसच अर्धा केला.

आयोगाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळ नाही. व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने घरी जाऊन तेवढाच वेळ वाचन करावे अशी अपेक्षा असते. स्टुडिओतील काम तेथल्या तेथे पुरे होते. म्हणून हे गुणोत्तर. प्रयोगशाळेच्या बाबतीत हे काही अंशी खरे असेल. पण कला महाविद्यालयातील सबमिशनच्या आधीच्या रात्री ज्याने पाहिल्या आहेत, सकाळी सहाला रामकुंडावर आणि दुपारी मध्यवर्ती बसस्थानकावर बसून द्रुतरेखाटनांच्या वह्या भरणारी मुले ज्याला ठाऊक आहेत, तो हा युक्तिवाद मान्य करणार नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याचे काम वर्गात संपत नाही. आणि व्याख्यानाचा विद्यार्थी घरी किती वाचतो, हे सांगण्याची जबाबदारी निदान माझ्यावर तरी टाकू नये.

विद्यार्थ्याच्या श्रेयांकापुरता हा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण अर्धा मोजलेला तास पुढे पदनिश्चितीच्या तक्त्यात शिरतो, आणि पदांची संख्या घटते. मग उरलेले काम तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण शिक्षकांकडून करून घेतले जाते. हे केवळ कलाशाखेत घडते असे नाही. आम्हा इतर महाविद्यालयांतही हेच चालले आहे. मात्र व्याख्यान तासावर विकता येते. मुलाच्या पाठीमागे उभे राहून ‘तांब्या तरंगतो आहे’ हे सांगण्यासाठी मुलाची आधीची दहा चित्रे पाहिलेली असावी लागतात. घड्याळ पाहून दुसऱ्या महाविद्यालयाकडे धावणाऱ्या शिक्षकाला ते कसे साधणार?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली संगीत-नाट्यादी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुद्दा साधा आहे. कापड विणण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढे श्रम लागत त्याच्या अल्पांशात आज ते विणून होते. पण चार वादकांनी मिळून वाजवायच्या रचनेला तेव्हाही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागे, आजही लागतो. वादकांचे वेतन मात्र इतरांच्या बरोबरीने वाढवावे लागते. म्हणून अशा सेवा इतर वस्तूंच्या तुलनेत सतत महाग होत जातात, आणि हा कोणाच्या आळसाचा वा उधळेपणाचा परिणाम नसतो. चित्रशाळेला हे शब्दशः लागू पडते. एका शिक्षकाने वीस मुलांकडे पाहायचे, हे प्रमाण साठ केले की खर्च कमी होतो खरा, पण मग ती चित्रशाळा राहत नाही. अनुदान देणाऱ्याला दर वर्षी वाटते की हे लोक काटकसर शिकत नाहीत. कला महाविद्यालयाचा प्रमुख दर वर्षी तीच मागणी घेऊन येतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

विनाअनुदानित धोरणाने या कोंडीवर एक सोपा तोडगा दिला : खर्च पालकाने भरावा. १९८३ साली महाराष्ट्राने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, तेव्हा पालक कर्ज काढूनही शुल्क भरतील हा हिशेब बरोबर ठरला, कारण चार वर्षांनी नोकरी दिसत होती. कलाशिक्षणात तो बसत नाही. येथे फळ उशिरा येते, भलत्याच ठिकाणी येते आणि पुष्कळदा ज्याने खर्च केला त्याच्या हाती येत नाही. याचे उदाहरण शोधण्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. नंतर बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे धडे घेतले. पुढे गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मुद्रणाच्या धंद्यात पडले, भागीदारांशी पटले नाही म्हणून बाहेर पडले. चाळिशी गाठलेला हा गृहस्थ आजच्या कोणत्याही पालकसभेत ‘कलाशिक्षणाने काय होते पाहा’ म्हणून दाखवला गेला असता. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि त्यानंतर आपला चित्रपटव्यवसाय नाशकात हलवला. १९४४ साली येथेच त्यांचे निधन झाले. चित्रशाळेतील प्रवेश आणि पहिला चित्रपट यांत २८ वर्षांचे अंतर आहे. महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी ‘किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली’ हा जो रकाना भरावा लागतो, त्यात फाळके कोठे बसले असते?

त्यांच्या चरित्रातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम एक लहानशी फीत तयार केली. तिचा विषय होता कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. रोज तेच रोप, त्याच जागेवरून, धीराने टिपायचे. पायाभूत अभ्यासक्रमात आजही जो निसर्ग अभ्यास म्हणून शिकवला जातो, त्याहून हे फारसे निराळे नाही. एका उद्योगाचे पहिले भांडवल अशा रीतीने वनस्पतीकडे निमूटपणे पाहत बसण्याच्या सवयीतून उभे राहिले.

नाशिकचे दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या खिशात असते. नाशिक रोडचा भारत प्रतिभूती मुद्रणालयाचा कारखाना १९२५ चा आणि चलनी नोटांचा छापखाना १९२८ चा. या कारखान्यांत यंत्र जितके महत्त्वाचे तितकीच महत्त्वाची रेषा, कारण नोटेवरील बारीक रेषांची नक्कल करणे अवघड असते म्हणूनच नोटेवर विश्वास बसतो. तरीही १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडमधील कूर्व्हाझिए या कंपनीकडून छापून आणावी लागली. स्वदेशीचा पुरस्कार ज्यांनी जन्मभर केला, त्यांचीच प्रतिमा परदेशी छापली गेली. फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने नाशकात तिकिटे छापली जाऊ लागली ती १९५२ च्या संत-कवींच्या मालिकेपासून. यंत्रे विकत आणता येतात. ती चालवणारा डोळा आणि हात मात्र आयात करणे परवडत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या अर्थशास्त्राच्या आणि मराठीच्या आहेत. रुपयाचे चिन्ह म्हणून १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने जे स्वीकारले, ते डी. उदय कुमार यांनी रचले. मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांचे शिक्षण झाले होते; ते केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्याला तेव्हा ४१ वर्षे होऊन गेली होती. दुसरी गोष्ट अशी, की संगणकावर मराठी लिहिणाऱ्या कारकुनाला वर्षानुवर्षे जे अक्षरवळण समोर दिसत आले, ते ‘मंगल’ र. कृ. जोशी यांच्या हातचे. उपयोजित कलेच्या चित्रशाळेतच त्यांची घडण झाली. त्या वळणाने लिहिले गेलेले अर्ज, निकालपत्रे आणि सातबाराचे उतारे यांची किंमत कोणत्या महाविद्यालयाच्या ताळेबंदात जमा झाली? कोठेच नाही. बाजाराने जिचा मोबदला उत्पादकापर्यंत पोचत नाही अशा वस्तूचे उत्पादन समाजाच्या गरजेपेक्षा कमी होते, हे आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. म्हणूनच सार्वजनिक खर्चाचे समर्थन करता येते.

यावर एक कठोर प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारला गेलाच पाहिजे. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर शाळेला शिक्षक पुरेसे नसताना, करदात्याचा पैसा शहरातल्या मुलांच्या तांब्या-भोपळ्यावर का खर्च करावा? शिवाय, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते कोणत्या कला महाविद्यालयात गेले होते? येवल्याच्या विणकराने पैठणीच्या पदरावर मोर काढण्याची पदविका कोठून घेतली?

मला वाटते, याच प्रश्नात उत्तर आहे. वारली घराच्या भिंतीसमोर आणि येवल्याच्या हातमागावर मूल लहानपणापासून बसते. त्याच्या मागे आई, आजी, बाप उभे असतात आणि तरंगणारा तांब्या त्याला तेथेच दाखवला जातो. शिकवण्याचा खर्च समाज आपल्या वेळातून भरतो. फक्त तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ज्याच्या घरी ही परंपरा नाही, त्या कारकुनाच्या मुलीने, बसवाहकाच्या मुलाने, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्याच्या मुलाने कोठे जावे? घराण्यात आणि जातीत बंद असलेली विद्या बाहेरच्याला खुली करण्याचे काम कला महाविद्यालयाने केले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईत वर्ग सुरू झाले, त्यात इंग्रजांचे स्वतःचे हेतू होतेच, तेथील शिक्षणपद्धतीवर आक्षेपही कमी घेतले गेले नाहीत. पण दार उघडले गेले. पुढे त्या दाराची लहान रूपे जिल्ह्याच्या गावी आली. गोदाघाटाची जलरंगचित्रे काढणारे शिवाजी तुपे यांनी नाशिक कलानिकेतनच्या चित्रकला महाविद्यालयात शिकवले, ते अशाच मुलांना. शुल्क वाढवून हे दार अर्धे लोटले तर कला बंद पडणार नाही. ती पुन्हा ज्यांना परवडते त्यांची होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्या निर्णयाचे मूल्यमापन करताना नव्या इमारतींपेक्षा शुल्काच्या तक्त्याकडे पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते.

२०२२ पासून, वाक्य लिहिले की चित्र काढून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आहेत. ‘आता कशाला शिकायचे?’ हा प्रश्न त्यामुळे नव्या जोराने विचारला जातो. चित्र तयार करण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला, हे खरे आहे, आणि साध्या जाहिरातींची कामे करून पोट भरणाऱ्या अनेकांवर त्याचा आघात होईल, हेही नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी महाविद्यालये घाबरून आपले तास संगणकाच्या शिकवणीकडे वळवतात. हा सौदा मला आतबट्ट्याचा वाटतो. जी साधने दर सहा महिन्यांनी बदलतात ती शिकवण्यात तीन वर्षे घालवायची. आणि यंत्राने दिलेल्या पन्नास चित्रांपैकी कोणत्या चित्रातला तांब्या तरंगतो आहे हे ओळखणारा डोळा घडवायला मात्र वेळ उरू द्यायचा नाही! एखादी वस्तू स्वस्त झाली की तिच्या जोडीला लागणारी दुसरी वस्तू अधिक मोलाची होते, हाही प्रथम वर्षाचाच धडा आहे.

नाशिकपुरते बोलायचे तर अशा डोळ्याची गरज २०२७ च्या सिंहस्थात भासणार आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती एका पाटीने टळली असती असे कोणी म्हणणार नाही. पण जिला अक्षरओळख नाही, जिची भाषा मराठी वा हिंदी नाही, अशा यात्रेकरू बाईला गर्दीत दुरून कोठे वळावे हे कळणे, हा उपयोजित कलेचा अस्सल प्रश्न आहे. चिन्ह किती मोठे, किती उंचावर, कोणत्या रंगाचे, रात्रीच्या दिव्यात ते कसे दिसेल, हे कागदावर ठरत नाही. घाटावर उभे राहून, चुकून, खोडून ठरवावे लागते. शहरात कला महाविद्यालये असताना ही कामे केवळ निविदा काढून परगावच्या ठेकेदाराला देणे म्हणजे हाताशी असलेली चित्रशाळा कुलूपबंद ठेवण्यासारखे आहे. महापालिकेने आणि महाविद्यालयांनी एकत्र बसून एक सत्रभराचा अभ्यास म्हणून हे काम का घेऊ नये?

राहिला तासाचा प्रश्न. स्टुडिओतील कामाचा श्रेयांक विद्यार्थ्यासाठी ३० तासांचा ठेवायचा असेल तर तो तसा राहू द्यावा. पण शिक्षकाचा कार्यभार मोजताना चित्रशाळेतील तास पूर्ण तास धरावा, आणि वीस-पंचवीस मुलांमागे एक नियमित शिक्षक हे प्रमाण मान्य करून रिक्त पदे भरावीत. शाळांच्या बाबतीत तर अडचण आणखी कमी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत बदल करण्यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम २० अन्वये केंद्र सरकार केवळ अधिसूचना काढून तिच्यात निकषांची भर घालू शकते किंवा त्यातील निकष वगळू शकते. ‘अंशकालीन’ हा एक शब्द त्या अनुसूचीत २००९ पासून आहे.